बेल इनऑपरेटिव्ह शे

नानांच्या घरी राहायला गेले त्या दिवशी मी त्यांच्या बेलचं बटण बोट दुखेपर्यंत दाबलं. काखेत गादीची वळकटी, पायाशी गॅसची शेगडी आणि भांड्यांचं पोतं, आणि डोक्यावर जळगावचं मे महिन्यातलं ऊन. आत माणूस होता हे नक्की, कारण कूलर घरघरत होता आणि रेडिओवर बाजारभाव चालले होते. पण दार काही उघडेना. घरमालक बहिरे दिसतात, असं मी ठरवूनही टाकलं. शेवटी समोरच्या किराणा दुकानातून शेठ ओरडले, "अहो ताई, बेल नका दाबू! तिचं मौनव्रत आहे. कडी वाजवा, कडी!"

कडी वाजवल्याबरोबर दार उघडलं. उंच, वाळकुडे, पांढरी टोपी, शर्टाच्या खिशाला टेस्टर लावलेला. नमस्कार नाही, या-बसा नाही. म्हणाले, "बेल इनऑपरेटिव्ह शे."

"मग तसं बाहेर लिहून ठेवा ना," मी म्हणाले. मी शाळेत शिकवते. उन्हात उभं केलं की माझी जीभ आवरत नाही.

"टॅग बांधलेला आहे. आत."

"आतला टॅग बाहेरच्या माणसाला कसा दिसणार?"

शेवटच्या बाकावरच्या मुलाकडं मी बघते तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मॅडम, टॅग स्विचवर बांधतात. बटणावर नाही. बटण कोणीही दाबावं, त्यानं काय होतं? स्विच चालू करणाऱ्याला अडवायचं असतं." आणि माझी वळकटी तशीच काखेत राहू देऊन त्यांनी मला बोळात नेऊन तो टॅग दाखवला. वीजमीटरच्या खाली एक जुना स्विच, त्याला तारेनं बांधलेला लाल पुठ्ठा. त्यावर छापलेलं होतं, "हात लावू नये." खाली कारणाच्या जागी इंग्रजीत एकच शब्द, तोच, इनऑपरेटिव्ह. अक्षर गोल, नीटनेटकं, मुलीचं वाटावं असं. बांधणाऱ्याचं नाव उडून गेलेलं होतं.

"कोणी बांधलाय?" मी विचारलं.

"ज्यानं बांधला तो सोडेल," नाना म्हणाले आणि भाड्याचं बोलायला लागले.

मी मूळची धुळ्याची. नवरा शिरपूरला नोकरीला, मला शाळा मिळाली जळगावात, म्हणून नानांच्या वरच्या खोलीत माझी काही वर्षं गेली. मी धुळ्याची आहे हे कळल्यावर नाना जरा मऊ झाले. "धुयानी शेतस? मंग आपली बोली सोडीसन हाई पुस्तकी काबर बोलतस?" शाळेत बोलून बोलून तोंडाला तेच वळण पडलंय, असं मी सांगितलं. ते स्वतः चारचौघांत शुद्ध बोलायचे, पण मनातलं बोलायचं झालं की अहिराणीवर यायचे. त्यामुळं मला त्यांच्या मनातलं कधी निघालं ते ओळखू यायचं. फार वेळा निघालं नाही.

नानांची नोकरी कारखान्यात, मेंटेनन्सला गेली. तिथं एक पद्धत असते. यंत्रावर काम करायचं तर आधी त्याचा स्विच बंद करायचा, त्याला आपल्या नावाचा लाल टॅग बांधायचा आणि मग यंत्रात हात घालायचा. आणि ज्यानं टॅग बांधला त्यानंच तो सोडायचा. मॅनेजर येवो नाहीतर मालक येवो, दुसऱ्याच्या टॅगला हात लावायचा नाही, कारण त्या टॅगच्या भरवशावर कोणाचा तरी हात यंत्रात असतो. पद्धत चांगलीच आहे. पण निवृत्त होताना बाकीच्यांनी घड्याळं घेतली आणि नानांनी कोऱ्या टॅगचा गठ्ठा मागून घेतला, तिथून पुढं सगळं घर त्या पद्धतीत आलं.

न चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं टॅग होता. भिंतीवरच्या घड्याळाला होता. एक पाय हलणाऱ्या खुर्चीला होता. पालिकेच्या नळाला त्यांनी एकदा टॅग बांधला तेव्हा पाणी सोडणारा माणूस हात जोडून म्हणाला, "नाना, साहेबांनी बघितलं तर माझी नोकरी इनऑपरेटिव्ह होईल." गल्लीतल्या पोरासोरांच्या तोंडीही तो शब्द बसला होता. परीक्षेत नापास झालेला मुलगा घरी सांगायचा, गणित इनऑपरेटिव्ह झालं. मुलं मला शाळेत येऊन तो शब्द विचारायची आणि मी मनातल्या मनात नानांच्या नावानं बोटं मोडायची.

मला आल्या आल्या त्यांनी माझ्या नावाचे काही टॅग दिले होते, पास दिल्यासारखे. मी ते कोनाड्यात टाकून दिले. पुढं एका दिवाळीच्या तोंडावर पाण्याच्या मोटारीला हात लावला तर झिणझिण्या आल्या. गावाला निघायची घाई होती, म्हणून मी गंमत म्हणून तिच्या स्विचला माझा एक टॅग बांधला आणि शिरपूरची बस पकडली. सुट्टी संपवून परत आले तर नाना खालच्या हौदातून बादल्या भरून जिन्यानं वरच्या टाकीत ओतत होते. डावा गुडघा त्यांचा आधीच गेलेला. एक एक पायरी चढताना भिंतीला हात लावत होते.

"वायरमन आला नाही का?" मी विचारलं.

"आला ना. दुसऱ्याच दिवशी आला. मोटार दुरुस्त आहे."

"मग चालू का नाही केली?"

"टॅग तुमचा होता," नाना म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, उपकार केल्याचा भावही नव्हता. मी इतकी चिडले की टॅग सोडताना तार बोटात घुसली. फोन करता आला नसता का, म्हणून मी त्यांना फैलावर घेतलं. नाना शांतपणे म्हणाले, "फोनवर कोणीही हो म्हणतं. सोडणाऱ्यानं डोळ्यांनी बघून सोडायचं असतं."

तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतो, कोणी पोथी वाचतं, हे टॅग बांधतात. इतक्या स्वस्तात मी तो विषय संपवला होता.

त्या शब्दावर मात्र नानांचा जीव होता. बिचाऱ्या मराठीत त्याला पर्यायच नाही, असं त्यांचं ठाम मत. "खराब म्हणजे शिवी झाली," ते सांगायचे. "बंद म्हणजे कोणीतरी मुद्दाम केलं. बिघडलं म्हटलं की कोणी बिघडवलं ते शोधायला सगळे निघतात. निकामी म्हटलं की भंगारवाला दारात उभा. इनऑपरेटिव्ह तसा नाही. सध्या चालत नाही, एवढंच. वस्तूचा दोष नाही, माणसाचा दोष नाही. बाकीच्यांनी सांभाळून राहा." मी इंग्रजी शिकवते म्हणून त्यांनी माझ्याकडून डिक्शनरीत बघून घेतलं. अर्थ जवळजवळ तोच निघाला. त्यावर ते समोर जाऊन शेठना सांगून आले, "मॅडमनी शब्द पास केला."

पण एकदा त्याच शब्दावरून आमचं बिनसलं. थंडीचे दिवस होते. ओट्यावर चहा घेत बसलो होतो. जाणाऱ्या येणाऱ्यानं तब्येत विचारली की नाना म्हणायचे, "डावा गुडघा इनऑपरेटिव्ह, बाकी फर्स्टक्लास." त्या दिवशीही म्हणाले. मी हसून म्हणाले, "नाना, इंग्रजीत हा शब्द माणसाला लावत नाहीत हं. मशीनला लावतात, फार तर एखाद्या कायद्याला."

"काबर?"

"माणसाला वाईट वाटतं."

"माणूस मशीनपेक्षा हलका शे का? मशीनले वाईट वाटत नही आनि माणूसले वाटस?"

"हो, वाटतं," मी म्हणाले. "मशीन ऐकत नाही. माणूस ऐकतो."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. उठून आत गेले आणि पुढचे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. भाडं दिलं तर घेतलं, पावती दिली, पण शब्द नाही. मी काय वावगं बोलले ते मला कळेना. शेवटी साखर आणायला गेले तेव्हा शेठना विचारलं.

शेठ मारवाडी, तीन पिढ्या जळगावात, तोंडात कायम बडीशेप. त्यांनी आधी गिऱ्हाईकं मार्गी लावली, मग मला स्टूल दिलं. "ताई, तुम्हाला मुलीचं माहीत नाही का?" ते म्हणाले.

नानांना एक मुलगी होती हेच मला माहीत नव्हतं. आई लहानपणीच गेली, नानांनीच वाढवली. तिला लहानपणी मोठा ताप आला आणि उजवा कान गेला. घरात मागच्या खोलीत असली की कोणी आलेलं तिला कळायचं नाही, एकदा दिवसभर बाहेर मैत्रिणी हाका मारून परत गेल्या आणि ती रडली. तेव्हा नानांनी कारखान्याची मोडीत निघालेली पाळीची घंटा आणली, जेवणाच्या ताटाएवढी, ती दुरुस्त करून घराला बेल म्हणून बसवली. "ती वाजली ना ताई, की माझ्या दुकानातले डबे हलायचे," शेठ म्हणाले. "शाळेतून आली की पोरगी दोनदा तोकडी आणि एकदा लांब वाजवायची. नाना तोंडाला साबण असला तरी धावत येऊन दार उघडायचे. सगळी गल्ली कडी वाजवू दे नाहीतर हाका मारू दे, बेल ही त्या पोरीची."

मग ती मोठी झाली, शिकली, आणि बघायला पाहुणे आले. दीपनगरच्या कॉलनीतले. मुलगा वीज केंद्रात, वडीलही तिथूनच निवृत्त झालेले. शेजारी म्हणून शेठना बोलावलं होतं. मुलीच्या मावशीनं नानांना बजावून ठेवलं होतं की कानाचं आज काढू नका, मुलं एकमेकांना आवडू द्या, मग पोरगी स्वतःच मुलाला सांगेल. पोरीनंही तसंच ठरवलं होतं. पण बैठक रंगली. नाना आणि मुलाचे वडील बॉयलर, टर्बाईन, पाळ्या यांवर असे बोलायला लागले की जणू सोयरीक त्यांचीच ठरते आहे. ते गृहस्थ म्हणाले, "आम्ही यंत्रातली माणसं. आमच्याकडं लपवाछपवी नाही."

"बस, इथं घात झाला," शेठ म्हणाले. "नानांना वाटलं, आपलीच जात भेटली. यांना टॅग कळतो. पोरगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली आणि नाना खुशीत म्हणाले, आमच्याकडंही नाही. मुलीचा उजवा कान इनऑपरेटिव्ह शे."

शेठच्या हातात तेव्हा पोह्यांची बशी होती, ती त्यांनी खाली ठेवली. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. नानांना त्यांचा गोंधळ दिसला, तर ते आणखी समजावून सांगायला लागले, पाळी बदलताना पुढच्या माणसाला सांगतात तसं. किती डॉक्टर झाले, कशाचा उपयोग झाला नाही, डावा मात्र फर्स्टक्लास. पोरगी ट्रे धरून तशीच उभी. तिच्या डाव्या कानाला सगळं ऐकू येत होतं. पाहुण्यांनी चहा संपवला, कळवतो म्हणाले. नाना त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले आणि येऊन म्हणाले, "चांगली माणसं शेतस. हो म्हणतीन."

कळवलं कोणी नाही. त्यानंतर एक दिवस पोरीनं गठ्ठ्यातला एक टॅग घेतला, त्यावर नानांचाच शब्द लिहिला, खाली आपलं नाव लिहिलं, बेलचा स्विच बंद केला आणि टॅग बांधला. शेठ तेव्हा वर्तमानपत्र परत द्यायला आले होते. ती म्हणाली, "आता मला बघायला कोणी यायचं नाही. आलं तरी मला ऐकू यायला नको." नाना बघत उभे होते. मग ती मावशीकडं सुरतेला गेली, तिथं एका कापडाच्या ऑफिसात लागली, पुढं तिथंच लग्न केलं. नानांना पत्रिका आली नाही.

"माझ्याकडं नंबर आहे तिचा," शेठ म्हणाले. "सुरतेत आमचे लोक आहेत ना. पण नाना म्हणतात, फोन करायचा नाही. तिचा टॅग आहे, ती येईल तेव्हा येईल."

मी साखर न घेताच परत आले. त्या दिवसापासून कडी वाजवताना माझं लक्ष बटणाकडं जायला लागलं.

दरवर्षी खंडेनवमीला नाना हत्यारं पाटावर मांडून पूजा करायचे. पक्कड, पाने, टेस्टर, त्यावर झेंडूची फुलं. त्याच्या आदल्या दिवशी ते भिंतीवरून ती घंटा उतरवून घ्यायचे. काचकागदानं तिचे पॉइंट घासायचे, तेलाचा थेंब सोडायचे, तारा तपासायचे आणि पुन्हा जागेवर चढवायचे. स्विच बंदच असायचा, त्यामुळं कामाला धोका नव्हता. चालू करून मात्र कधी बघायचे नाहीत. आमचं बोलणं पुन्हा सुरू झाल्यावरच्या वर्षी मी त्यांना स्टूल धरून द्यायला उभी होते.

"एकदा वाजवून तरी बघा नाना. चालते की नाही ते कसं कळणार?"

"तिनी बांधेल शे. तीच सोडी."

"ती रागानं बांधून गेली. तो काही कारखान्यातला टॅग नाही."

नाना स्टुलावरून उतरले. घंटा मांडीवर घेऊन बसले आणि मला एक जुनी गोष्ट सांगितली. ते अगदी तरुण असताना एका गिरणीत होते, ती गिरणी आता नाही. त्यांचा एक दोस्त यंत्रात हात घालून अडकलेला धागा काढत होता. पाच मिनिटांचं काम म्हणून त्यानं टॅग बांधला नव्हता. "मेन स्विच मी चालू कया," नाना म्हणाले आणि आपल्या मनगटावर आडवं बोट फिरवलं. "तो माले कधीच काही बोलना नही. टॅग नव्हता, तुले काय माहीत, इतलंच म्हने. पण मॅडम, लपेल वस्तू मारस. कान लपाडता ना, तर लगीन झाल्यावर त्या घरनी तिले बोली बोली मारी टाकतात. मी सांगी दिधं ते काय वाईट कयं?"

मला त्यांची कीव आली आणि तितकाच रागही आला. शिक्षकाला कधी गप्प बसावं ते कळत नाही. मी म्हणाले, "नाना, टॅग ज्याचा त्यानं बांधायचा ना? मग कान कोणाचा होता?"

त्यांचा काचकागद थांबला. मग पुन्हा घासायला लागले आणि म्हणाले, "स्टूल धरा."

गेल्या उन्हाळ्यात नाना बोळात पडले. इथल्याच एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, त्यानं कागदावर हृदय काढून दाखवलं आणि सांगितलं की एवढा भाग आता काम करत नाही. नाना अंथरुणावरून म्हणाले, "इनऑपरेटिव्ह?" डॉक्टर म्हणाला, "हो, तसंच समजा." नानांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "मॅडम म्हणतस, माणूसले लावत नहीत." इतक्या दुखण्यातही त्यांना चिमटा काढायचं सुचलं. मी बाहेर जाऊन रडले.

घरी आणल्यावर ते उतरतच गेले. एका संध्याकाळी मी शेठच्या दुकानात गेले आणि त्यांना सांगितलं, नंबर द्या, नाना काय म्हणतात ते मी बघून घेईन. शेठ जणू त्याचीच वाट बघत होते.

फोन तिनं लगेच उचलला. मी कोण ते सांगितलं, नानांचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी बोलावलंय?"

"त्यांनी नाही. मी बोलावते आहे. ते तुमची वाट बघतात. तुमचा टॅग अजून तसाच आहे बेलला."

"कसला टॅग?"

मी सांगितलं. "तो अजून आहे?" ती म्हणाली. "अहो, मी रागानं बांधला होता. घर म्हणजे काय कारखाना आहे? मला वाटलं, दुसऱ्या दिवशीच सोडला असेल त्यांनी." आणि मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी दुकानाच्या पायरीवर बसले. सुरतेला गेल्यावर दोन एक वर्षांनी ती एकदा आली होती. कोणाला न सांगता, रविवारी दुपारी. शेठचं दुकान बंद होतं. तिनं नेहमीसारखी बेल दाबली, दोनदा तोकडी, एकदा लांब. आत कूलर चालू होता, रेडिओ चालू होता. बेल वाजली नाही. तिनं पुन्हा दाबली. "मला वाटलं, माझी म्हणून त्यांनी ती कायमची तोडून टाकली. मी उभी होते बराच वेळ. कडी वाजवायचं मनात आलं नाही. त्या घराची कडी मी कधी वाजवली नव्हती हो."

उद्याच्या गाडीनं निघते, म्हणाली.

मी धावत नानांकडं आले. मला वाटलं, किती मोठी गोष्ट आहे, ती आली होती, रागावून कायमची गेली नव्हती. मी त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. नानांचे डोळे मिटलेले होते, ते उघडले.

"ती उनी व्हती?"

"हो नाना."

"बेल दाबी तिनी? आनि मी मझार, घरमाच व्हतू?"

मी मान हलवली. नाना वर छताकडं बघत म्हणाले, "म्हंजे टॅगनी बराबर काम कयं." त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं गेलं. मी पुसलं नाही, त्यांना आवडलं नसतं.

थोड्या वेळानं मी म्हणाले, "नाना, आता तरी स्विच चालू करू. उद्या ती येईल तेव्हा वाजेल."

"नही." आवाज अगदी खोल गेला होता, पण नकार नेहमीचाच. "तिना टॅग शे. तुम्ही दार उघडं ठेवा. सताड उघडं ठेवा. बटण दाबाचं कामच पडाले नको." मग त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोप लागली. मी उठायला लागले तेव्हा म्हणाले, "मॅडम. तिले सांगा, कान तिना व्हता. माले समजनं."

"उद्या तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

सकाळी ते गेले. दार मी त्यांनी सांगितल्यासारखं सताड उघडं ठेवलं होतं, आणि आता तर ते उघडंच राहणार होतं. गल्लीतली माणसं जमली, शेठनी दुकान बंद केलं, बाहेरच्या खोलीत नानांना खाली ठेवलं. उन्हाच्या झळा थेट आत येत होत्या. सगळे म्हणत होते, फार वेळ ठेवता येणार नाही. शेठ दर थोड्या वेळानं स्टेशनवर फोन करून गाडी अमळनेरला आली का ते विचारत होते.

ती दुपारी आली. चाळिशीची, उंच, नानांसारखीच वाळकुडी. हातात एक पिशवी. ओट्यावर क्षणभर थांबली, उघड्या दारातून आत बघितलं आणि नानांच्या पायाशी येऊन बसली. बायकांनी रडायला सुरुवात केली. ती रडली नाही. त्यांच्या पायावर हात ठेवून बसून राहिली. मग उठली आणि बोळात गेली. मी तिच्या मागं गेले.

टॅगची तार गंजून स्विचला चिकटली होती. तिला ती सुटेना. मी पक्कड आणून देते म्हणाले, तर तिनं नको म्हणून मान हलवली आणि नखांनी, बोटांनी पीळ उलगडत राहिली. तार निघाली. तिनं आपलंच अक्षर वाचलं, टॅग मुठीत धरला आणि स्विच खाली केला. मग माणसांमधून वाट काढत बाहेर गेली आणि जाताना दार ओढून लावून घेतलं.

खोलीत कुजबुज झाली. मयताच्या घराचं दार असं कोणी लावतं का? एक म्हातारी म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं.

आणि बेल वाजली. दोनदा तोकडी, एकदा लांब. आम्ही जमलेल्यांपैकी शेठ आणि गल्लीतली जुनी माणसं सोडली तर ती कोणी कधी ऐकली नव्हती. भांडी थरथरली, नानांच्या उशाशी ठेवलेल्या दिव्याची ज्योत हलली. शेठनी तोंडावर उपरणं धरलं आणि हमसून हमसून रडायला लागले. दार उघडायला कोणी उठेना. सगळे नानांकडं बघत होते. बेल पुन्हा वाजली, तशीच.

शेवटी मी उठले आणि दार उघडलं. ती डावा कान घराकडं करून उभी होती.

"वाजली ना?" तिनं विचारलं.

"वाजली," मी म्हणाले. मग तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि नानांचा निरोप सांगितला.